गॅसवर रुसणारी

मिरजेच्या दवाखान्यात पोटदुखी घेऊन आलेल्या एखाद्या आजोबांच्या चिठ्ठीवर डॉक्टरांनी तिचं नाव लिहिलं, की आजोबा आधी बुजतात आणि मग चिडतात. "सोनोग्राफी? मला? मी काय बाळंतपणाला आलोय व्हय?" सोबत आलेली सून तोंड फिरवून हसते. बाकावरच्या बायाही हसतात. चूक आजोबांची नाही. सातारा-सांगलीकडच्या घरांना ती माहीत आहे ती गरोदरपणापुरती: तिसरा महिना, पाचवा महिना, पडद्यावर हलणारा इवलासा हात. एरवी ती काय करते, याची चौकशी कोणी करत नाही. म्हणून मुद्दाम ही ओळख. तिच्या सकाळचा बराच वेळ आतड्यांच्या भानगडी निस्तरण्यात जातो, आणि तिचा खरा स्वभाव तिथेच दिसतो.

राहते ती बहुधा तळमजल्यावर, अंधाऱ्या खोलीत. उंची कमरेच्या थोडी वर, खाली चाकं, पुढे बटणांचा फळा, वर पडदा. अंगाला तीन-चार प्रोब लटकवलेले. रुंद, गोलसर तोंडाचा प्रोब सगळ्या पोटावरून फिरायला, सरळ तोंडाचा जवळून न्याहाळायला. मिजास म्हणाल तर भरपूर. एसी हवा, धूळ नको, खिडकीला जाड पडदा हवा. वीज गेली तर लगेच बॅटरीचा आधार हवा, नाहीतर उठायला वेळ लावते आणि बाहेरची रांग व्हरांड्यापर्यंत जाते.

मिरजेची रांग साधी नसते. १८९४ साली इथे विल्यम वॉन्लेस यांचं मिशन हॉस्पिटल उभं राहिलं, तेव्हापासून या गावाला दुखणी घेऊन येण्याची लोकांना सवय आहे. बेळगाव, विजयपूर, सोलापूर, कोकण, सगळीकडून. त्यामुळे तिच्या शेजारी बसणाऱ्या डॉक्टरांना "श्वास घ्या, धरून ठेवा" एवढं येऊन भागत नाही, "उसिरु हिडीरी" हे कानडीही यावं लागतं. आणि गाव तरी कोणतं? सतारी-तंबोऱ्यांचं. तंबोऱ्याची जवारी लावताना कारागीर कान देऊन बसतात ते याच गावात, आणि हीसुद्धा आवाजावरच जगणारी. फरक इतकाच की हिचा आवाज कोणाला ऐकू येत नाही. माणसाचा कान सेकंदाला वीस हजार कंपनांपर्यंत साथ देतो. ही वीस लाखांपासून बोलायला सुरुवात करते आणि आतड्याच्या भिंतीजवळ गेली की एक कोटीच्या आसपास पोचते. आवाज आत सोडायचा, परत येणारा प्रतिध्वनी ऐकायचा आणि त्यावरून चित्र काढायचं, एवढंच तिचं काम.

माहेर तिचं ग्लासगोकडचं, आणि तेही बॉयलरच्या कारखान्यातलं. धातूच्या जोडात कुठे चीर राहिली का, हे शोधायला तिथे ध्वनिलहरींचं यंत्र वापरत असत. १९५५च्या जुलैमध्ये इयन डोनाल्ड हे प्रसूतिशास्त्राचे प्राध्यापक शस्त्रक्रियेत काढलेल्या गाठी मोटारींच्या डिकीत घालून रेनफ्र्यूच्या बॅबकॉक अँड विल्कॉक्स कंपनीत घेऊन गेले. पाण्याने भरलेली गाठ आणि भरीव गाठ यांचे प्रतिध्वनी वेगळे येतात का, हे त्यांना बघायचं होतं. आले. पुढे जॉन मॅकव्हिकर हे डॉक्टर आणि टॉम ब्राउन हे इंजिनियर यांना बरोबर घेऊन त्यांनी १९५८ साली 'लॅन्सेट'मध्ये निबंध छापला. विषय होता पोटातल्या गाठी. म्हणजे पोट हेच तिचं पहिलं शिक्षण. त्याच काळातली एक रुग्ण प्रसिद्ध आहे: पोट फुगलेलं, बेरियमच्या फोटोवरून जठराचा कॅन्सर ठरलेला, शस्त्रक्रियेच्या पलीकडे गेलेली. यंत्र लावलं तर दिसली बीजाशयाची पाण्याने भरलेली अवाढव्य गाठ. ती काढली आणि बाई वाचली. आपल्याकडे साखर कारखान्यांचे बॉयलर जागोजागी आहेत, आणि धातूची जाडी नि जोड तपासणारी तिची भावंडं त्या कारखान्यांना अनोळखी नाहीत. घराण्याने ही आपल्या मुलखाला अगदीच परकी नाही.

आता स्वभाव. बाई तशी शांत, पण एका गोष्टीचा तिला भयंकर राग: गॅस. तिचा आवाज मांसातून सेकंदाला साधारण १५४० मीटर वेगाने जातो. मध्ये हवा आली की जवळजवळ सगळा आवाज उलटा फिरतो, शंभरातले नव्याण्णव वाटे तरी. पुढचं काही म्हणजे काही दिसत नाही. पडद्यावर नुसता धुरकट पडदा. आणि आतडं म्हणजे तर हवेचं घरच! बाहेरची हवाही ती सहन करत नाही. कातडी आणि प्रोब यांच्यामध्ये केसाएवढी फट नको म्हणून तो गार, बुळबुळीत जेल. लोक त्याला नाकं मुरडतात. पण जेलशिवाय ती कातडीच्या आतला शब्दही ऐकत नाही.

म्हणून तर सहा तास उपाशी या, असं बजावून सांगतात. पेशंट मात्र पहाटेच्या एसटीने निघालेला असतो. सांगलीच्या स्टँडवर उतरून मूठभर भडंग खातो, चहा घेतो, आणि "काही खाल्लं नाही, नुसता चहा घेतलाय" असं ठासून सांगतो. ती पडद्यावर सगळं उघडं करते. जठर फुगलेलं, त्याच्या मागचं स्वादुपिंड गायब. रिपोर्टात ओळ येते की गॅसमुळे अमुक भाग नीट दिसला नाही. ही ओळ वाचून पुष्कळांना वाटतं, आपल्याला गॅसचा आजार निघाला. मग गावात गॅसच्या गोळ्या सुरू होतात. त्या ओळीत आजार नाही. मला इथलं दिसलं नाही, एवढं ती प्रामाणिकपणे सांगते आहे, आणि हा तिचा गुण मला फार मोलाचा वाटतो.

पाणी मात्र तिला मनापासून आवडतं. भरलेलं मूत्राशय दिसलं की खूश. त्याच्या काचेतून ओटीपोटाचं सगळं घर दाखवते.

गॅसवरून तिचं आणि थोरल्या जावेचं कधीच पटलेलं नाही. थोरली म्हणजे एक्स-रे, १८९५ सालची. हिला ज्या गॅसचा राग, त्याच गॅसवर थोरलीचा संसार. आतडं फुटलं तर उभं करून काढलेल्या एक्स-रेत हवेची काळी चंद्रकोर पडद्याखाली, म्हणजे छाती आणि पोट यांच्यामधल्या स्नायूखाली दिसते. आतडं अडलं तर हवा नि पाण्याच्या पायऱ्या दिसतात. फुटलेल्या आतड्यात पहिला मान अजूनही बहुतेक वेळा थोरलीचाच असतो. बेरियमचा पांढरा, खडूच्या चवीचा पेला पाजून तास-तास फोटो काढत बसायचं जुनं काम मात्र आता सीटीने आणि दुर्बिणीने बरंचसं काढून घेतलं आहे.

पण रुसणारीला समजावणारा एक जण १९८६ साली भेटला. ज्युलियन पॉइलार्ट हे डच डॉक्टर. गॅसवर उपाय त्यांनी साधा काढला: दाबायचं. प्रोबने हळूहळू, पेशंटच्या श्वासाबरोबर दाब वाढवत न्यायचा. आतड्यांतली हवा बाजूला सरकते, मऊ आतडी दबून चपटी होतात, आणि सुजलेलं अपेंडिक्स मात्र दबत नाही. त्याची जाडी सहा मिलिमीटरच्या वर गेलेली असते आणि नेमकं त्याच्यावर प्रोब आला की पेशंट कळवळतो. तोवर अपेंडिक्सचं निदान बोटांच्या अंदाजावर आणि डॉक्टरांच्या अनुभवावर चालायचं. कित्येक पोटं उघडल्यावर कळायचं की अपेंडिक्स ठणठणीत आहे. आजही ते मोठ्या आतड्याच्या मागे दडून बसलं तर तिला सापडत नाही. तेव्हा ती "दिसलं नाही" म्हणते. "नाही" म्हणत नाही. रिपोर्ट वाचणाऱ्याने हे दोन शब्दप्रयोग वेगळे वाचले पाहिजेत.

तिची सगळ्यात मोठी खोड, किंवा निष्ठा म्हणा: ती हाताची आहे. सीटी कोणीही काढला तरी चित्र बहुतांशी तेच येतं. हिचं तसं नाही. एकाच पोटावर एकाच दिवशी दोन हात फिरले तर दोन रिपोर्ट निघू शकतात. लोक विचारतात मशीन कोणत्या कंपनीचं, नवं का जुनं, कलर आहे का. हात कोणाचा, हे फारसं कोणी विचारत नाही. आणि पोटाच्या नेहमीच्या सोनोग्राफीत यकृत, पित्ताशय, मूत्रपिंडं, प्लीहा यांची मापं घेता घेताच वेळ संपतो. आतड्यांच्या वाट्याला रिपोर्टच्या तळाशी एखादी ओळ येते. आतडी नीट बघायची तर उजव्या कुशीपासून सुरुवात करून मोठ्या आतड्याच्या कडेकडेने सावकाश जावं लागतं, सरळ तोंडाचा प्रोब घ्यावा लागतो, मधूनमधून दाबून थांबावं लागतं. बाहेर रांग वाढलेली असताना हे करणारा हात मिळाला तर त्या डॉक्टरांचे आभार माना. चिठ्ठी लिहिणाऱ्या डॉक्टरांनीही "पोटाची सोनोग्राफी" एवढंच न लिहिता "उजव्या कुशीतलं आतडं बघावं" अशी एक ओळ जास्त लिहिली, तर ती बरंच जास्त देते.

लहान मुलांशी मात्र तिचं फार जमतं. त्यांच्या पोटावर चरबी कमी, आतडं कातडीच्या जवळ. सहा महिन्यांचं ते दोन वर्षांचं एखादं बाळ अचानक किंचाळून रडतं, पाय पोटाशी घेतं, पाच-दहा मिनिटांनी निपचित पडतं, पुन्हा रडतं. घरची मंडळी म्हणतात दृष्ट लागली. कोणी म्हणतं बेंबी सरकली, पोटावर दिवा ठेवून तांब्या पालथा घाला. कोणी बिब्बा काढतं. इकडे आतड्याचा एक तुकडा पुढच्या तुकड्यात शिरलेला असतो, सदरा काढताना बाही आत ओढली जाते तसा, आणि अडकलेल्या भागाचा रक्तपुरवठा तासातासाने कमी होत असतो. शेवटी लालसर, शेंबडासारखी शी होते तेव्हा घर हादरतं. ती प्रोब टेकवल्यावर मिनिटभरात ओळखते: पडद्यावर वर्तुळात वर्तुळ. एवढ्यावर थांबत नाही. सर्जन तयार ठेवून बाळाच्या गुदद्वारातून कोमट सलाइन हळूहळू सोडतात, आणि शिरलेलं आतडं मागे मागे सरकत सुटतं, ते ती सगळ्यांना दाखवते. बहुतेक बाळांची शस्त्रक्रिया टळते. ना किरणोत्सर्ग, ना पोटावर टाका. तिच्या सगळ्या कामांत मला हे सर्वांत सुंदर वाटतं. मात्र बेंबी बसवण्यात एक रात्र गेली तर तिच्याही हातात फारसं काही उरत नाही.

मुलांच्याच पोटात कधी तिला जंत भेटतात. दोन समांतर रेषा, मधोमध आणखी एक, आणि थोडा वेळ प्रोब धरून ठेवला की त्या वळवळतात. आई बघते आणि तोंडावर हात ठेवते. दहा फेब्रुवारीला शाळेत आणि अंगणवाडीत जंताची गोळी का देतात, हे तिच्या पडद्यावर एकदा पाहिलेल्या आईला पुन्हा समजवावं लागत नाही.

आतडं चालताना बघणं ही तर तिची खास हौस. सीटी एक क्षण पकडतो. ही समोर बसून बघत राहते: आतडं आवळतं, सैल होतं, आतला मजकूर पुढे ढकलतं. आतडं अडलं असेल तर तो पुढे जातो आणि मागे येतो. चांगल्या आतड्याची भिंत तीन-चार मिलिमीटरच्या आतली, उजेड-अंधाराच्या पाच थरांची. सूज आली की भिंत जाड होते, आणि रोग खोल गेला की थर एकमेकांत मिसळतात.

तिची खरी परीक्षा होते उजव्या कुशीत, लहान आतडं मोठ्याला मिळतं त्या वळणावर. आतड्याच्या क्षयाचं हे आवडतं ठिकाण. क्रोन नावाच्या आजाराचंही हेच. दोन्हींत भिंत जाड, दोन्हींत वजन उतरलेलं, दोन्हींत जेवलं की कळ. क्षयात आसपासच्या गाठी मोठ्या झालेल्या आणि पोटात पाणी साठलेलं दिसलं तर तिचा कल कळतो. पण नाव ती घेत नाही. "इथे भिंत जाड आहे, इतके सेंटिमीटर, पुढे तपासा," एवढंच सांगते, आणि पेशंट दुर्बिणीकडे, तुकडा काढून तपासण्याकडे जातो. हा संयम फार कामाचा आहे, कारण या दोन आजारांचे उपचार वेगळे. क्षयाचं औषध क्रोनच्या पेशंटला सहा महिने दिलं तर तो आजार आतल्या आत पुढे जातो. क्षय असताना क्रोनसाठी प्रतिकारशक्ती दाबणारी औषधं दिली तर क्षय अंगभर पसरू शकतो.

सीटी आणि एमआर या श्रीमंत जावांपुढे तिला कमी लेखायची पद्धत आहे. सीटी खोलवर बघतो, गॅसची त्याला फिकीर नाही. आतड्याला पीळ पडला, गळू झालं, तर तो हवाच. पण पोटाच्या एका सीटीचे किरण छातीच्या साध्या एक्स-रेच्या शंभरपटीच्या घरात किंवा त्याहून जास्त. विशीतला क्रोनचा पेशंट आयुष्यभर किती वेळा त्या नळीत जाणार? ब्रिटनमधल्या ८ रुग्णालयांत क्रोनच्या २८४ रुग्णांवर एमआर आणि सोनोग्राफी समोरासमोर तपासल्या गेल्या, निकाल २०१८ साली छापून आले. लहान आतड्यातला आजार एमआरने ९७ टक्क्यांत ओळखला, हिने ९२ टक्क्यांत. आजार किती लांब पसरलाय हे सांगण्यात ती आणखी मागे पडली, हेही खरं. तरीही खर्च, किरणं आणि पुन्हा पुन्हा बघण्याची सोय धरली तर दर काही महिन्यांच्या भेटीला हीच बरी, असं माझं स्पष्ट मत आहे. हात शिकलेला हवा, ही अट आहेच.

आता तिच्या दाराजवळची पाटी. "येथे गर्भलिंग निदान केले जात नाही. तो कायद्याने गुन्हा आहे." हात फ्रॅक्चर झालेल्या माणसाला एक्स-रेच्या दारात असं काही वाचावं लागत नाही. तिच्या दारात लागतं, आणि त्याला कारण आहे. सातारा-सांगली या दोन जिल्ह्यांत तिच्याकडून पोटातल्या लेकी ओळखून घेतल्या गेल्या. २०११च्या ऑक्टोबरात साताऱ्यात २८५ मुलींची नावं बदलली, कारण घरांनी त्यांना 'नकुशा' म्हणून हाका मारल्या होत्या. त्या निदान जन्मल्या तरी. २०१७च्या मार्चमध्ये मिरज तालुक्यातल्या म्हैसाळला ओढ्याकाठी पुरलेले १९ भ्रूण सापडले. महाराष्ट्राने तिच्यासाठी देशात सर्वांत आधी, १९८८ साली कायदा केला. केंद्राचा आला १९९४ साली. कायदा कागदावर राहू नये म्हणून साताऱ्यातूनच अॅड. वर्षा देशपांडे आणि त्यांचं लेक लाडकी अभियान उभं राहिलं. गरोदर बायांना गिऱ्हाईक म्हणून पाठवून त्यांनी डॉक्टर पकडून दिले. २०२५ साली त्यांना संयुक्त राष्ट्रांचा लोकसंख्या पुरस्कार मिळाला.

कायदा आल्यापासून तिचं जगणं पहाऱ्यात आहे. नोंदणीशिवाय विकत घेता येत नाही, प्रत्येक गरोदर बाईमागे एफ फॉर्म, कागदात खोट सापडली तर सील. उचलून नेता येणारी तिची धाकटी बहीणही नोंदवलेल्या दवाखान्याच्या आवारात किंवा फिरत्या आरोग्य पथकातच फिरू शकते. ऊसतोडीच्या फडावर कोपीत कोणी पोट धरून पडलं, तर डॉक्टर तिला पिशवीत घालून तिथे जाऊ शकत नाहीत. याचा त्रास आहे. पहारा सैल करा म्हणणारेही भेटतात. मी त्यांच्या बाजूचा नाही. गेलेल्या लेकींचा हिशेब समोर असताना तो पहारा राहिलाच पाहिजे. मात्र ती पेशंटकडे जाऊ शकत नसेल तर पेशंटला तिच्याकडे वेळेत पोचवणं हे आपलं काम. १०८ नंबर त्यासाठीच आहे, आणि तो बाळंतपणाइतकाच अडलेल्या आतड्यालाही लागू आहे.

एक गोष्ट मात्र तिच्याकडे मागू नये. महिनोन् महिने पोट बिघडलेलं, कधी जुलाब, कधी मलावरोध, परीक्षेच्या किंवा कर्जाच्या हप्त्याच्या आदल्या दिवशी हमखास कळ. अशा पेशंटच्या पोटात तिला काही सापडत नाही. आतडं दिसायला ठीक असतं, वागायला हळवं. रिपोर्ट येतो 'नॉर्मल', आणि घरचे म्हणतात पैसे वाया गेले, हिला नुसती नाटकं सुचतात. दुखणं खरं असतं. तिच्या पडद्यावर ते उमटत नाही, एवढंच. उलटही ध्यानात ठेवा. शौचातून रक्त जातंय, वजन उतरतंय, रक्त कमी झालंय, आणि सोनोग्राफी नॉर्मल आली, तर त्यावर समाधान मानून घरी बसू नका. मोठ्या आतड्यातली लहानशी गाठ तिच्या नजरेतून सुटते. तिथे दुर्बीणच घालावी लागते, आणि हे तीही नाकारणार नाही.

तर भेटायला जाल तेव्हा उपाशी जा, सहा तास तरी. चहाही नको. ओटीपोट बघायचं असेल तर पाणी पिऊन, लघवी धरून जा. जुने रिपोर्ट पिशवीत घ्या, नुसती तोंडी हकिगत नको. खोलीत गेल्यावर "सगळं पोट दुखतं" असं सांगू नका. एका बोटाने जागा दाखवा. मग ती जेल लावून दाबत दाबत त्या जागेपाशी येईल. दुखलं की संकोच न करता लगेच "इथं" म्हणा. डॉक्टरांचा हात तिथेच थांबतो, आणि प्रोब जरासा तिरका करून ती पुन्हा बघायला लागते.